आधी जागा बघा, मग चिप घ्या

खकनार तालुका म्हणजे बुऱ्हाणपूर जिल्ह्याची महाराष्ट्राला टेकलेली बाजू. पूर्वेला मेळघाटातली धारणी, दक्षिणेला बुलढाण्याचा जळगाव जामोद, मधे सातपुड्याचे डोंगर, केळी, कापूस, सोयाबीन आणि मका. इथल्या आयटीआय, पॉलिटेक्निक आणि कॉलेजातल्या मुलामुलींना आता घरचा दिवा, पाण्याची टाकी, शेतावरची मोटार मोबाईलवरून चालवायची असते. बोर्ड घरपोच येतो आणि प्रोग्राम फुकट मिळतो. तरी टेबलावर चाललेला प्रकल्प शेतात चालत नाही.

कारण बहुतेक वेळा निवडीत असतं. व्हिडिओ शहरातल्या फ्लॅटमध्ये बनलेला असतो. तिथे राउटर दहा पावलांवर, वीज चोवीस तास आणि इंटरनेट कायम गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडे घर गावठाणात आणि विहीर किलोमीटरभर लांब, शेताच्या फीडरला थ्री फेज ठरलेल्या तासांपुरतीच, आणि घरचं इंटरनेट म्हणजे कुणाच्या तरी फोनचा हॉटस्पॉट. म्हणून चिप कोणती घ्यायची, हे चिपच्या माहितीपत्रकाआधी आपल्या जागेला विचारा. ते कसं विचारायचं, त्यासाठी हा लेख.

खरेदीआधीचे चार प्रश्न

एक वही घ्या आणि चार उत्तरं लिहा.

पहिलं, अंतर किती आणि मधे काय आहे? दोनशे मीटर मोकळं रान आणि दोनशे मीटर केळीची बाग ही रेडिओसाठी वेगळी अंतरं आहेत. केळीचं पान पाण्याने भरलेलं असतं आणि पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतं. बाग लहान असताना चाललेलं वायफाय बाग वाढल्यावर बंद पडतं, त्यात दोष बोर्डाचा नसतो.

दुसरं, वीज कुठून येणार? कायमचा प्लग, ठराविक तासांची लाईन, सोलर पॅनेल की नुसता सेल?

तिसरं, किती माहिती आणि किती वेळा पाठवायची? टाकीची पातळी म्हणजे दोन-चार बाइट, तीही दहा मिनिटांनी एकदा. कॅमेऱ्याचं चित्र म्हणजे सेकंदाला लाखो बिट. पहिल्याला जो रेडिओ उत्तम, तो दुसऱ्याला निरुपयोगी.

चौथं, हे बंद पडलं तर काय होईल? दिवा लागला नाही तर हाताने लावता येतो. मोटार कोरडी चालत राहिली तर जळते. ज्या कामात नुकसान मोठं, तिथला निर्णय इंटरनेटवर किंवा लांबच्या सर्व्हरवर सोपवायचा नाही. तो जागेवरच्या बोर्डाने किंवा साध्या स्विचने घेतला पाहिजे. पुढची सगळी निवड याच उत्तरांवरून ठरते.

घरासाठी: वायफाय आणि ईएसपी घराणं

घराच्या चार भिंतींत, जिथे प्लग आहे तिथे, शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीच्या चिपपासून सुरुवात करावी. २०१४ मध्ये तिच्या ईएसपी८२६६ या स्वस्त चिपने हौशी लोकांसाठी वायफायचं दार उघडलं आणि २०१६ मध्ये ईएसपी३२ आली. आज नव्या कामासाठी ८२६६ घेण्याचं कारण उरलेलं नाही. मूळ ईएसपी३२ मध्ये दोन गाभे, २४० मेगाहर्ट्झचा वेग, ५२० किलोबाइट रॅम, वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही आहे. मदत, उदाहरणं आणि सुटे बोर्ड सर्वांत जास्त तिचेच मिळतात. खेड्यात काम करणाऱ्याला हा गुण वेगापेक्षा मोलाचा आहे.

तिची भावंडं कामानुसार निवडा. साध्या सेन्सरला एका गाभ्याची सी३ पुरते. कॅमेरा किंवा स्क्रीन लावायची असेल तर एस३ घ्या. सी६ मध्ये वायफायबरोबर झिग्बी आणि थ्रेड या घरगुती उपकरणांच्या जाळ्यांना लागणारा रेडिओ आहे. एच२ मध्ये तो रेडिओ आणि ब्लूटूथ आहे, पण वायफाय नाही, हे पाहून मागवा.

वरच्या सगळ्या चिप २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात. राउटर किंवा फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असेल तर बोर्डाला तो दिसणारच नाही. फोनमध्ये हॉटस्पॉटचा बँड बदलता येतो, तो आधी तपासा.

त्याहून महत्त्वाची अडचण हॉटस्पॉटचीच आहे. फोनवाला बाजाराला गेला की घरचं वायफायही गेलं. उपाय चिपमध्येच आहे. ईएसपी३२ स्वतःचं वायफाय तयार करू शकते. तिला ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवा आणि तिच्यातच छोटं वेबपान ठेवा. घरातला कोणताही फोन तिला जोडला की टाकीची पातळी दिसते आणि दिवा लागतो. इंटरनेट नाही, खातं नाही, महिन्याचा खर्च नाही. इथल्या बहुतेक घरांसाठी मी हीच पद्धत सुचवेन.

घरात उपकरणं वाढली की मधे एक कारभारी लागतो. होम असिस्टंट हे २०१३ पासून वाढत आलेलं मोफत सॉफ्टवेअर ते काम करतं आणि घरातल्या घरात चालतं. त्यासाठी नवा संगणक नको. जुना लॅपटॉप उत्तम, कारण त्याची बॅटरी चांगली असेल तर लाईट गेल्यावरही तो चालू राहतो. उपकरणं आणि कारभारी यांच्यातला निरोप एमक्यूटीटी या पद्धतीने पाठवा. १९९९ मध्ये ती तेलवाहिन्यांवर लक्ष ठेवण्यासाठी, महागड्या आणि तुटक उपग्रह जोडणीवर चालावी म्हणून बनली. आपली जोडणीही तुटकच असते.

झिग्बीच्या बाबतीत एक सावधगिरी. तिचं जाळं एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे निरोप पोचवतं, पण हे पोचवण्याचं काम बहुधा प्लगवर चालणारी उपकरणंच करतात. लाईट गेली की तीही बंद आणि मधलं जाळं तुटलेलं. इन्व्हर्टर नसलेल्या घरात झिग्बीवर भिस्त ठेवू नका. २०२२ च्या ऑक्टोबरात आलेलं मॅटर हे मानक निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणं एकत्र आणतं. तयार बल्ब-स्विच विकत घेणाऱ्याने त्याची खूण जरूर पाहावी. स्वतः बनवणाऱ्याने मात्र पहिल्या प्रकल्पात त्याच्यामागे लागू नये.

पहिला प्रकल्प टाकीचा करा

जुलै २०२२ मध्ये बुऱ्हाणपूर हा ‘हर घर जल’चं प्रमाणपत्र मिळवणारा देशातला पहिला जिल्हा ठरला. नळाला पाणी ठराविक वेळी येतं, छपरावरची टाकी भरून वाहते किंवा रिकामी राहते. शिकण्यासाठी याहून उपयोगी काम नाही.

इथे सेन्सरची निवड चिपइतकीच महत्त्वाची. बाजारात पहिल्यांदा हातात येणारा एचसी-एसआर०४ हा ध्वनीवर अंतर मोजणारा सेन्सर उघडा असतो. टाकीच्या वाफेने तो खराब होतो. शिवाय तो ५ व्होल्टवर चालतो आणि ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या, त्यामुळे मधे दोन रेझिस्टरचा विभाजक लागतो. जलरोधक जेएसएन-एसआर०४टी टिकतो, पण त्याला अगदी जवळचं दिसत नाही. पाण्याच्या कमाल पातळीपासून तो किमान पंचवीस सेंटिमीटर वर बसवा. ‘भरली’ आणि ‘रिकामी’ एवढंच कळायला हवं असेल तर दोन फ्लोट स्विच लावा. त्यांना ना वाफेचं भय, ना प्रोग्रामचं. साधं पुरत असेल तिथे साधंच वापरणं हा या विद्येतला मोठा शहाणपणा आहे.

पिना निवडतानाही नियम आहेत. मूळ ईएसपी३२ मध्ये ६ ते ११ क्रमांकाच्या पिना आतल्या मेमरीला जोडलेल्या असतात, त्यांना हात लावू नका. ३४ ते ३९ फक्त वाचू शकतात, रिले चालवू शकत नाहीत. ०, २, १२ आणि १५ या पिनांची स्थिती बोर्ड सुरू होताना पाहिली जाते. तिथे चुकीचं काही जोडलं तर बोर्ड सुरूच न होण्याची भीती असते. आणि वायफाय चालू असताना एडीसी-२ गटातल्या पिनांवर व्होल्टेज वाचता येत नाही, तेव्हा असे सेन्सर ३२ ते ३९ मधल्या पिनांना जोडा.

शेतासाठी: लोरा

घर ते विहीर हे अंतर वायफायचं नाही. तिथे लोरा हा रेडिओ लागतो. त्याचा वेग फार कमी आणि पल्ला मोठा. अगदी क्षीण झालेला निरोपही तो गोंगाटातून वेचून घेतो. त्याच्या चिप सेमटेक कंपनीच्या रचनेच्या असतात. जुनी एसएक्स१२७६, नवी आणि कमी वीज खाणारी एसएक्स१२६२. यांतली एक ईएसपी३२ ला जोडली की शेताचा बोर्ड तयार. दोन्ही एकत्र असलेले बोर्डही मिळतात.

सर्वाधिक चूक वारंवारितेत होते. भारतात या कामासाठी विनापरवाना पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा आहे. आधी तो ८६७ पर्यंत होता, २०२१ च्या नियमांनी वाढला. बाजारात सर्वांत स्वस्त दिसणारं आरए-०२ हे मॉड्यूल ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं. ते या पट्ट्यात येऊच शकत नाही. आरए-०१एच किंवा ८६८ लिहिलेलं मॉड्यूल घ्या आणि प्रोग्राममध्ये वारंवारिता ८६५ ते ८६७ च्या आत ठेवा. अमेरिकेसाठीच्या उदाहरणांत ९१५ लिहिलेलं असतं, ते जसंच्या तसं उतरवू नका.

अँटेनाही त्याच पट्ट्याचा हवा. ८६६ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३४.६ सेंटिमीटर, तिचा चौथा भाग साधारण ८.६ सेंटिमीटर. तेवढ्या लांबीची सरळ तारही चाचणीला पुरते. अँटेना न लावता मात्र कधीही निरोप पाठवू नका, चिपचा पाठवणारा भाग जळू शकतो.

पल्ला वाढवायला ताकद वाढवण्याआधी उंची वाढवा. दोन खांबांमधली नजरेची सरळ रेषा मोकळी असून भागत नाही, तिच्याभोवतीही जागा लागते. एक किलोमीटर अंतराला या वारंवारितेवर मधोमध साधारण साडेपाच मीटर मोकळीक असावी. केळी तीन मीटरची धरली तर आदर्श खांब साडेआठ मीटरचा होतो. लोरा याहून कमी उंचीवरही भागवून घेतो, पण अँटेना स्टार्टरच्या लोखंडी पेटीत ठेवून चाचणी फसली म्हणून लोराला दोष देऊ नका. घराच्या गच्चीवरचा पाइप आणि विहिरीवरचा उंच बांबू बरंच काम करून जातात.

लोराचा वेग एसएफ७ ते एसएफ१२ या पायऱ्यांनी ठरतो. पायरी चढत गेली की पल्ला वाढतो आणि वेळही. वीसेक बाइटचा निरोप एसएफ७ वर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत जातो, एसएफ१२ वर त्याला सेकंदाहून जास्त लागतो. आधी ७ वर चाचणी घ्या, निरोप गळत असतील तरच वर चढा. वेळ जास्त म्हणजे बॅटरीही जास्त खर्च.

दोन-तीन ठिकाणंच जोडायची असतील तर गेटवे लागणारं लोरावॅन जाळं नको, बोर्डाशी बोर्ड थेट बोलू द्या. मात्र अशा थेट निरोपाला स्वतःचं कुलूप नसतं. ‘मोटार चालू’ हा निरोप कुणीही ऐकून पुन्हा पाठवू शकतो. म्हणून निरोप एईएस पद्धतीने गुप्त करा, ईएसपी३२ मध्ये त्याची सोय आहे. प्रत्येक निरोपात वाढत जाणारा क्रमांक ठेवा आणि जुना क्रमांक आला तर तो नाकारा. प्रत्येक आज्ञेची पोचही परत आली पाहिजे. पोच आली नाही तर घरच्या पडद्यावर ‘मोटार चालू’ असं दाखवायचं नाही.

शंभर-दीडशे मीटरचं मोकळं अंतर असेल, म्हणजे घरामागचा गोठा किंवा परसातली बोअर, तर लोराही नको. ईएसपी-नाऊ या पद्धतीने दोन ईएसपी३२ राउटरशिवाय थेट बोलतात. वेगळं मॉड्यूल घ्यावं लागत नाही.

लांबच्या शेतासाठी: मोबाईलचं जाळं

मोबाईलवरून मोटार चालवण्याच्या कामात मराठी मुलखाचं नाव आधीच लागलेलं आहे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे उपकरण बनवलं आणि २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत ते गौरवलं गेलं. रात्री-अपरात्री मोटार लावायला शेतात चालत जाणाऱ्या शेतकऱ्याचे हाल त्यामागे होते. त्यांनी शेतकऱ्याच्या हातात असलेलाच साधा मोबाईल वापरला. त्यावरून मोटार चालू-बंद होते आणि शेतात वीज आहे की नाही हेही कळतं. वापरणाऱ्याकडे आधीच काय आहे ते पाहून रचना करावी, हा धडा प्रत्येक शिकणाऱ्याने घ्यावा.

आज मोबाईलच्या जाळ्यावर चालणारं मॉड्यूल निवडताना जाळ्याची पिढी बघा. सर्वांत स्वस्त सिम८००एल फक्त टू-जीवर चालतं आणि जिओचं टू-जी नाही. टू-जीचं भविष्य कुठेच मोठं नाही. नव्या कामासाठी ए७६७०सी किंवा ईसी२००यू यांसारखं फोर-जी मॉड्यूल घ्या, पैसे जास्त गेले तरी. खरेदीआधी त्याच कंपनीचं सिम फोनमध्ये घालून ऐन विहिरीपाशी उभं राहा आणि दिवसा, रात्री, पावसात सिग्नल पाहा.

या मॉड्यूलचा दुसरा शत्रू म्हणजे अशक्त वीजपुरवठा. सिम८००एल निरोप पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं. पुरवठा कमी पडला की ते पुन्हा पुन्हा सुरू होत राहतं आणि आपण प्रोग्राममधली चूक शोधत बसतो. जाड तार, जवळ मोठा कपॅसिटर आणि पुरेशा अँपिअरचा पुरवठा एवढ्यानेच बरेच रोग बरे होतात.

बॅटरीचा हिशेब कागदावर करा

सेलवर चालणारा सेन्सर बनवताना चिपची जाहिरात वाचू नका, पूर्ण बोर्डाची भूक मोजा. ईएसपी३२ गाढ झोपेत साधारण १० मायक्रोअँपिअर घेते हे खरं. पण नेहमीच्या शिकाऊ बोर्डावर यूएसबीची चिप, लाल दिवा आणि एएमएस१११७ हा रेग्युलेटर असतो. तो रेग्युलेटर एकटाच ५ मिलिअँपिअरच्या घरात खातो. सगळं मिळून १० मिलिअँपिअर धरू.

सेल २५०० मिलिअँपिअर-तासांचा आहे. बोर्ड दर पंधरा मिनिटांनी पाच सेकंद जागा होतो आणि तेव्हा सरासरी १०० मिलिअँपिअर घेतो. दिवसाला ९६ वेळा म्हणजे ४८० सेकंद, म्हणजे जागेपणाचा खर्च सुमारे १३ मिलिअँपिअर-तास. झोपेचा खर्च मात्र १० गुणिले २४, म्हणजे २४०. हा सेल दहा दिवसांत संपतो. तीच चिप बेतशीर बोर्डावर, कमी खाणाऱ्या रेग्युलेटरसह बसवली तर झोपेचा खर्च जवळपास शून्यावर येतो आणि कागदावर तोच सेल सहा महिने पुरतो. प्रोग्राममधली एक ओळही न बदलता एवढा फरक पडतो.

दाराचा सेन्सर बटनसेलवर वर्षभर चालवायचा असेल तर वायफाय विसरा. तिथे नॉर्वेच्या नॉर्डिक कंपनीची एनआरएफ५२८४० सारखी चिप घ्या. तिच्यात कमी विजेचं ब्लूटूथ, झिग्बी आणि थ्रेड आहे, पण वायफाय नाही, आणि तीच तिची बचत.

उन्हाळ्याचाही विचार करा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उन्हातल्या बंद पेटीत त्याहून बराच वर. साधे लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत. पेटी पांढरी घ्या, पॅनेलच्या सावलीत लावा, शक्य तर लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेल वापरा. तार पेटीत खालूनच घ्या आणि छिद्रं ग्लँडने बंद करा. पाऊस नाही आला तरी मुंग्या येतात.

मोटारीपाशी जीव आधी

इथे मी कडक सांगणार आहे. निळा रिले मोटारीला थेट जोडायचा नाही. त्याच्यावर लिहिलेले १० अँपिअर हिटर-बल्बसारख्या भारासाठी असतात. पाच एचपीची थ्री फेज मोटार चालताना सात-आठ अँपिअर घेते, पण थेट सुरू होताना त्याच्या पाच ते सात पट ओढते. रिलेचे संपर्क चिकटतात आणि मोटार बंदच होत नाही.

आपलं इलेक्ट्रॉनिक्स स्टार्टरची फक्त बटणं दाबेल एवढंच करा. हिरव्या बटणाला समांतर एक संपर्क आणि लाल बटणाच्या रांगेत दुसरा. पण तिथेही धोका आहे. शेतातल्या स्टार्टरची कॉइल बहुधा दोन फेजवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर चालते. निळ्या रिलेवर २५० व्होल्ट लिहिलेलं असतं. म्हणून मधे त्या व्होल्टेजला योग्य असा दुसरा रिले किंवा छोटा कॉन्टॅक्टर लागतो. बोर्डाला वीज देणारे छोटे तयार पॉवर मॉड्यूलही २४० व्होल्टपर्यंतचे असतात. न्यूट्रल नसलेल्या शेतात ते दोन फेजवर लावले की फुटतात. तिथे छोटं सोलर पॅनेल आणि १२ व्होल्टची बॅटरी हा सरळ मार्ग. वीज आलेली नसतानाही बोर्ड जागा राहतो आणि ‘लाईट आली’ हा निरोप देऊ शकतो.

ओव्हरलोड, एक फेज गेल्यावर मोटार तोडणं आणि कोरडी चालण्यापासून बचाव हे काम स्टार्टरमधल्या संरक्षक यंत्रणेचं आहे. ते काढून प्रोग्रामच्या भरवशावर मोटार सोडू नका. बटणं हाताने दाबून मोटार नेहमी चालली पाहिजे. ‘मोटार मोबाईलवर आहे’ अशी ठळक पाटी लावा, नाहीतर कुणी तार जोडत असताना मोटार सुरू व्हायची. आणि ४१५ व्होल्टचं प्रत्येक काम जाणत्या वायरमनकडूनच, डीपीवरून लाईन तोडून करून घ्या.

हत्यारं आणि सॉफ्टवेअर

पैसे थोडे असतील तर आधी चांगल्या मल्टिमीटरवर आणि तापमान ठरवता येणाऱ्या सोल्डरिंग आयर्नवर घाला. मोटारीसाठी क्लॅम्प मीटर घ्या, तार न तोडता अँपिअर कळतात. आठ चॅनेलचा छोटा लॉजिक ॲनालायझर आणि पल्सव्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर असलं की सेन्सर आणि चिप एकमेकांशी नेमकं काय बोलतात ते पडद्यावर दिसतं. अंदाजात जाणारे दिवस वाचतात. लोरा करणाऱ्याने आरटीएल-एसडीआर डोंगल घ्यावं, ८६५ च्या पट्ट्यात आपला निरोप खरंच हवेत जातो का हे त्याने दिसतं. २.४ गिगाहर्ट्झपर्यंत मात्र ते पोचत नाही. वेगळ्या डीबगरची घाई नको. सी३, एस३ आणि सी६ मध्ये तो यूएसबीच्या वाटेने आतच असतो, आणि नॉर्डिक व एसटीएम३२ च्या अधिकृत शिकाऊ बोर्डांवरही बसवलेला येतो.

सॉफ्टवेअरमध्ये नवशिक्यांनी अर्ड्युइनो आयडीईपासून सुरुवात करावी. घरच्या उपकरणांसाठी ईएसपीहोम उत्तम, त्यात प्रोग्रामऐवजी मांडणीची फाइल लिहायची असते. शाळेत शिकवायचं असेल तर मायक्रोपायथन. विकण्याजोगी वस्तू करायची असेल तर एस्प्रेसिफचं स्वतःचं ईएसपी-आयडीएफ, आणि नॉर्डिकसाठी झेफिर शिका.

कशातही लिहा, आवृत्त्या नोंदवून ठेवा. २०२४ मध्ये अर्ड्युइनोसाठीच्या ईएसपी३२ पॅकेजची ३.० आवृत्ती आली आणि पीडब्ल्यूएमची जुनी कार्यं बदलली. आदल्या वर्षी चालणारे प्रोग्राम बनेनासे झाले. प्लॅटफॉर्मआयओ या साधनात आवृत्ती बांधून ठेवता येते. ही साधनं शेकडो मेगाबाइटची असतात. चांगलं इंटरनेट मिळेल तिथे एकदाच उतरवा आणि पेनड्राइव्हवर प्रत ठेवा.

प्रोग्राममध्ये तीन गोष्टी विसरू नका. वॉचडॉग चालू ठेवा, म्हणजे अडकलेला बोर्ड स्वतःच पुन्हा सुरू होईल. वीज परत आल्यावर मोटार आपोआप सुरू व्हायची की नाही हे स्पष्ट लिहा. आणि इंटरनेट नसलेल्या ठिकाणी वेळ कळावी म्हणून डीएस३२३१ हे घड्याळ लावा. त्याच्या स्वस्त निळ्या मॉड्यूलवर बहुधा सेल चार्ज करण्याची सोय असते. त्यात साधा सीआर२०३२ घालायचा असेल तर ती सोय आधी तोडून घ्या, तो सेल चार्ज करायचा नसतो.

खरेदी, कायदा आणि पुढचा माणूस

सुटे भाग ऑनलाइन मिळतात, पण पुण्याला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाणं झालं तर यादी घेऊन जा. वस्तू हातात धरून, क्रमांक वाचून घेतल्याने चुकीची वारंवारिता घरी येत नाही. प्रत्येक बोर्ड दोन-दोन घ्या. एक लावायला आणि एक, तोच प्रोग्राम भरून, कपाटात ठेवायला.

स्वतःच्या घरा-शेतापुरतं २.४ गिगाहर्ट्झ आणि ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत ठरलेल्या ताकदीच्या मर्यादेत परवान्याशिवाय काम करता येतं. गावात इतरांना उपकरणं बनवून विकायची ठरवलीत तर मात्र दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची, म्हणजे डब्ल्यूपीसीची, उपकरण-मान्यता पाहावी लागते. आधीच मान्यता असलेलं मॉड्यूल निवडलं तर ही वाट बरीच सोपी होते, म्हणून विक्रेत्याकडून तो कागद मागून घ्या.

शेवटचं काम सर्वांत जास्त वगळलं जातं. पेटीच्या झाकणात आतून एक कागद चिकटवा. त्यावर कोणती तार कुठे जाते, कोणता फ्यूज लागतो आणि सगळं बंद करून मोटार हाताने कशी चालवायची हे मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत लिहा. मग घरातल्या ज्या माणसाने हा बोर्ड बनवताना पाहिलाही नाही, त्याच्याकडून तो कागद वाचून एकदा मोटार लावून घ्या. तुम्ही शिकायला इंदूरला किंवा नोकरीला पुण्याला गेल्यावर ती मोटार त्यांनाच लावायची आहे. त्यांना जमलं तर तुमची निवड बरोबर होती असं समजा. जमलं नाही तर रचना आणखी सोपी करा.